सरळ रेषेला शॉक देत नाहीत

मालिकांमध्ये ऑपरेशनं भरपूर होतात, पण त्यांत भूलतज्ज्ञ कुठे दिसत नाही. दारावरचा लाल दिवा लागतो, सर्जन हात पुढे करतो, सिस्टर कात्री देते आणि पेशंट डोळे मिटून पडलेला असतो. त्याला झोपवला कोणी, हा प्रश्न कुणालाच पडत नाही. मला पडतो, कारण माझं पोट त्यावर आहे. कराडच्या आसपासच्या लहानमोठ्या हॉस्पिटलांत मी भूल द्यायला जाते. गाडीच्या डिकीत नळ्यांची बॅग कायम भरलेली, आणि सिझेरियनचा फोन बहुधा पहाटेच येतो. ऑपरेशन नीट झालं की पेढे सर्जनला मिळतात, याचीही आता सवय झाली आहे.

आमच्या घरचा टीव्ही रात्रीच्या जेवणापर्यंत सासूबाईंच्या ताब्यात असतो. त्यांच्या मालिकांमधलं कुणी ना कुणी सतत हॉस्पिटलात असतं, आणि मग माझं ताटावरून सुरू होतं.

"आई, व्हेंटिलेटरवरचा माणूस बोलत नसतो हो."

"गप गं. काय म्हणतोय ते ऐकू दे की."

तो म्हणत असतो तो इस्टेटीचा विषय, त्यामुळे सासूबाईंचंही बरोबरच आहे. पण व्हेंटिलेटरची नळी तोंडातून स्वरयंत्राच्या दोन पट्ट्यांच्या मधून थेट श्वासनलिकेत गेलेली असते. त्या पट्ट्यांमधून हवा गेली तर आवाज निघणार. तिथे नळी, आणि नळीभोवती फुगवलेला छोटा फुगा. हवा बाहेर येते ती नळीतूनच. असा माणूस ओठ हलवेल, पाटीवर लिहील, हात दाबेल. पण 'ते घर मी धाकट्याच्या नावावर केलंय' हे वाक्य काही त्याच्या तोंडून येणार नाही. मालिकेत पेशंटच्या नाकाला दोन टोकांची ऑक्सिजनची बारीक नळी लावलेली असते आणि बाहेर बाकड्यावर सगळे रडत असतात की व्हेंटिलेटरवर ठेवलंय. खरी नळी तोंडात चिकटपट्टीने बांधली तर नटाचा अर्धा चेहरा झाकला जातो. दिग्दर्शकाची अडचण मला समजते.

रुमालाचंही तसंच. खलनायक मागून येतो, क्लोरोफॉर्मचा रुमाल नाकावर दाबतो आणि नायिका दोन सेकंदांत मान टाकते. एडिंबरोच्या जेम्स सिम्प्सनने १८४७ साली क्लोरोफॉर्म भुलेसाठी वापरायला सुरुवात केली. ते नीट हुंगवलं तरी माणूस झोपायला मिनिटं लागतात, आणि रुमाल काढला की तो परत जागा व्हायला लागतो. मात्रा जरा जास्त झाली तर हृदय थांबू शकतं. १८४८ च्या जानेवारीत इंग्लंडात हॅना ग्रीनर नावाची १५ वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचं नख काढताना क्लोरोफॉर्मने दगावली. खलनायकाला हे कौशल्य कुठून येतं कोण जाणे. आम्हाला त्यासाठी एमबीबीएसनंतर आणखी तीन वर्षं घालावी लागतात.

हे सगळं हसून सोडून देण्यासारखं आहे. नाडी धरून 'गोड बातमी' सांगणारे डॉक्टरही त्यातलेच. नाडीवरून गरोदरपण कळत नाही, त्यासाठी लघवीची साधी पट्टी लागते. आणि सगळ्यांचा राजा म्हणजे १९७७ चा 'अमर अकबर अँथनी'. तीन भाऊ तीन खाटांवर, तिघांच्या हातांतून एकदम रक्त निघतं, वर टांगलेल्या बाटलीकडे चढतं आणि तिथून आईच्या हातात उतरतं. पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण मनमोहन देसाईंना लागू नव्हतं. रक्ताची तपासणी नाही, जुळवणी नाही. प्रत्यक्षात दात्याचं साडेतीनशे किंवा साडेचारशे मिलिलिटर रक्त पिशवीत घेतात. एचआयव्ही, बी आणि सी काविळीचे विषाणू, गुप्तरोग, मलेरिया या तपासण्या होतात आणि मग पेशंटच्या रक्ताशी ते जुळवून पाहतात. मी तो सिनेमा लागला की आजही पाहते. तो प्रसंग बघून कुणी खाटेला खाट लावून रक्त द्या म्हणून आमच्याकडे आलेलं नाही.

लोक येतात ते वेगळ्याच गोष्टी घेऊन, आणि त्या दिसायला अगदी खऱ्या असतात.

आयसीयूच्या दाराशी मला सगळ्यांत जास्त वेळा ऐकू आलेला प्रश्न म्हणजे, "मॅडम, शॉक का नाही दिला?" विचारणारा बहुतेक वेळा तरुण मुलगा असतो. वडील आत गेलेले असतात. मॉनिटरवरची सरळ हिरवी रेघ त्याने काचेतून पाहिलेली असते. अशी रेघ दिसली की डॉक्टर इस्त्रीसारखी दोन यंत्रं एकमेकांवर घासतात, 'क्लिअर' म्हणून ओरडतात, पेशंट फूटभर उडतो आणि रेघ पुन्हा डोंगर काढायला लागते, हे त्याने लहानपणापासून पाहिलेलं असतं. आम्ही ते केलं नाही म्हणजे आम्ही कुचराई केली, किंवा पैसे भरायची वाट पाहत बसलो.

सरळ रेषेला शॉक देत नाहीत. हे एकदा नीट समजून घ्यायला हवं. हृदयाच्या स्नायूला विजेचा इशारा मिळतो आणि सगळे तंतू एकदम आकुंचन पावतात. तो आपला ठोका. हार्ट अटॅकमध्ये कधी कधी हा ताल मोडतो आणि प्रत्येक तंतू आपापल्या मनाने थरथरू लागतो. हृदय हलत असतं, पण रक्त ढकलत नसतं. गोंगाट करणाऱ्या वर्गात मास्तरांनी टेबलावर जोरात छडी आपटावी आणि क्षणभर सगळे गप्प व्हावेत, तसं शॉकचं काम. त्या शांततेत हृदयाचा स्वतःचा ताल पुन्हा सुरू व्हायला वाव मिळतो. सरळ रेघ म्हणजे वर्गच रिकामा आहे. तिथे छडी आपटून काही होत नाही. तेव्हा छाती दाबत राहायची, दर तीन ते पाच मिनिटांनी ॲड्रेनलिन द्यायचं आणि कारण शोधायचं: ऑक्सिजन कमी पडला का, रक्त कुठे वाहून गेलं का, पोटॅशियम चढलं का. पडद्यावर दाखवायला यात काही नाही. घामाघूम झालेली तीन-चार माणसं आळीपाळीने वाकून दाबत असतात, बराच वेळ.

तीही दाबण्याची पद्धत मालिकेत चुकीचीच असते, पण त्याला कारण आहे. खरं दाबायचं तर कोपर ताठ ठेवून, खांद्याचा भार टाकून छाती पाच ते सहा सेंटिमीटर आत जायला हवी. म्हाताऱ्या माणसाच्या बरगड्या मोडतात, त्याचा आवाज हाताला कळतो. जिवंत नटावर हे करता येत नाही. म्हणून नट कोपरात हात वाकवून स्वतःच वरखाली होतात. त्यांचं बरोबर आहे. पण घरात वडील कोसळले तर पाहणाऱ्याच्या हातात तेच वाकलेलं कोपर येतं.

याचा हिशेब अमेरिकेत एकदा मांडला गेला. 'ईआर' ही तिकडची गाजलेली मालिका १९९४ च्या सप्टेंबरात सुरू झाली. ती निर्माण केली होती मायकेल क्रायटनने, 'जुरासिक पार्क'वाल्या. तो स्वतः हार्वर्डमध्ये डॉक्टरकी शिकलेला. म्हणजे अडाण्याची मालिका नव्हे. सुसान डिएम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'ईआर', 'शिकागो होप' आणि 'रेस्क्यू ९११' या तीन कार्यक्रमांचे ९७ भाग बसून पाहिले आणि १९९६ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये त्यावर लेख लिहिला. छाती दाबून जीव वाचवण्याचे ६० प्रसंग त्यांना सापडले. त्यांतली ७५ टक्के माणसं तिथल्या तिथे शुद्धीवर किंवा ठोक्यावर आली आणि ६७ टक्के घरी जातील अशीच दाखवली होती. पडद्यावर हृदय बंद पडणारेही बहुतेक तरुण आणि लहान मुलं. खऱ्या अमेरिकेत हॉस्पिटलबाहेर हृदय थांबलेल्या दहांपैकी साधारण एक जण जिवंत घरी जातो. हॉस्पिटलच्या आत थांबलं तर चार-पाचांत एक. आणि हे तिथल्या ॲम्ब्युलन्स, तिथल्या रस्त्यांवर.

तो आयसीयूच्या दाराशी उभा असलेला मुलगा आपल्या मनात दहांतले सात धरून आलेला असतो. मी त्याला दहांतला एक सांगते. त्याच्या मते मी खोटं बोलते आहे.

महाराष्ट्रात २०१० साली दवाखान्यातल्या मारहाणीविरुद्ध कायदा झाला. मारहाणीची कारणं बरीच आहेत: बिलं, गर्दी, धड न बोलणारे डॉक्टर. सगळं टीव्हीच्या माथी मारण्यात अर्थ नाही. पण दारापाशी रोज उभं राहणाऱ्या माणसाला ठाऊक असतं की नातेवाइकांच्या डोक्यात एक चित्र आधीच तयार असतं आणि आपण त्या चित्राशी झुंजत बोलत असतो.

कोमाचं चित्र तर फारच देखणं आहे. नायिका पलंगावर, केस विंचरलेले, कपाळाला चिकटपट्टीचा एक चौकोन. नवरा हात धरून गाणं म्हणतो, किंवा देवघरातला दिवा विझता विझता राहतो, आणि एका बोटाची हालचाल होते. पुढच्या भागात ती उठून बसते. फार तर स्मृती गेलेली असते, तीही नेमकी लग्नानंतरची. २००५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अमेरिकेतल्या दुपारच्या नऊ मालिकांचा अभ्यास आला होता. दहा वर्षांत कोमात गेलेली ६४ पात्रं त्यांनी मोजली. ५७ पूर्ण बरी झाली. पाच मेली. दोनच पात्रं तशीच पडून राहिली.

आपल्याकडे हे समजून घ्यायला मालिकेची गरज नव्हती. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमध्ये अरुणा शानबाग होत्या. २७ नोव्हेंबर १९७३ ला त्याच हॉस्पिटलात नर्स असलेल्या अरुणांवर एका वॉर्डबॉयने हल्ला केला, साखळीने गळा आवळला, मेंदूचा रक्तपुरवठा तुटला. १८ मे २०१५ ला न्यूमोनियाने त्या गेल्या. मधली जवळजवळ ४२ वर्षं त्या तिथेच एका खाटेवर होत्या. त्यांचे डोळे उघडत, त्या झोपत, जाग्या होत, आवाज काढत. डोळे उघडे आणि तरी आसपासची जाणीव नाही अशी ही अवस्था असते. गाढ कोमा सहसा काही आठवड्यांत संपतो आणि माणूस एकतर शुद्धीकडे सरकतो, मरतो किंवा या अवस्थेत जातो. मालिकेत ही अवस्था जवळजवळ नसतेच, कारण मिटलेले डोळे उघडणं हाच तिथे शेवट असतो. सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ ला त्यांच्या प्रकरणात निकाल दिला तेव्हा केईएमच्या नर्सेसनी केलेल्या सेवेची मुद्दाम नोंद घेतली. इतक्या वर्षांत त्यांना पाठीला जखम होऊ दिली नाही. जिने एकदा तरी बेशुद्ध माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवलं आहे तिला हे वाक्य किती वजनाचं आहे ते कळेल. मालिकेतल्या कोमातल्या बाईला कोणी कुशीवर वळवत नाही, दात घासत नाही, लघवीची पिशवी रिकामी करत नाही.

माझी खरी तक्रार इथे आहे. चुकीचा एक्स-रे, उलटा स्टेथोस्कोप, नाकाखाली आलेला मास्क यांचा मला काही त्रास नाही. टीव्हीवर दोनच शेवट असतात, मरणं किंवा चालत घरी जाणं. मधली माणसं गायब आहेत. २०१८ साली काही अमेरिकन सर्जननी 'ग्रेज अ‍ॅनाटॉमी'चे २६९ भाग पाहून त्यातल्या २९० अपघातग्रस्तांची तुलना ४,८१२ खऱ्या जखमींशी केली. मालिकेतले २२ टक्के मेले, खरे ७ टक्के. म्हणजे टीव्ही आपल्याला नुसता आशावादी करतो असंही नाही. मारतोही तो जास्तच. पण वाचलेल्यांपैकी दीर्घ शुश्रूषेच्या ठिकाणी हलवावे लागले ते मालिकेत ६ टक्के आणि प्रत्यक्षात २२ टक्के. गंभीर जखमी झालेले मालिकेतले निम्मे पेशंट आठवड्याच्या आत घरी. खऱ्यांपैकी पाचांत एक.

आमच्या गावाला लागून पुणे-बंगळूर महामार्ग जातो. हेल्मेट न घातलेली, डोक्याला मार लागलेली पोरं मी वर्षानुवर्षं टेबलावर घेते आहे. त्यातली बरीच वाचतात. वाचतात म्हणजे गळ्याला भोक पाडून बसवलेली नळी, नाकातून पोटात जाणारी नळी, आणि ती नळी साफ करायला शिकलेली आई. भाऊ पुण्याची नोकरी सोडून परत येतो. सकाळ-संध्याकाळ फिजिओथेरपी, सहा महिन्यांनी मान सावरते, वर्षाने आधाराने उभा राहतो, कधी नाहीच राहत. डिस्चार्जच्या दिवशी हे सांगायला लागलं की घरचे माझ्याकडे असे पाहतात जणू मी चाललेल्या मालिकेत मध्येच भलता भाग घुसवला. 'वाचलाय ना? मग आता काय राहिलं?' राहिलेलं सगळं त्यानंतरच असतं.

फिट येण्याबद्दलही थोडं सांगते, कारण ते घरी उपयोगी पडेल. कॅनडातल्या डलहौसी विद्यापीठाच्या मंडळींनी 'हाऊस', 'ईआर', 'ग्रेज अ‍ॅनाटॉमी' आणि 'प्रायव्हेट प्रॅक्टिस' यांचे ३२७ भाग पाहून २०१० साली सांगितलं की त्यात आकडी येण्याचे ५९ प्रसंग होते आणि जवळजवळ निम्म्यांमध्ये डॉक्टर-नर्सच चुकीचं वागत होते: हात-पाय दाबून धरणं, तोंडात काहीतरी कोंबणं. आपल्याकडे कांदा, चप्पल आणि लोखंडी किल्ली. गाव बदललं, चूक तीच. फिट आली तर माणसाला कुशीवर करा, आसपासच्या टोकदार वस्तू बाजूला सारा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर हॉस्पिटल.

आता न्याय करायचा तर दुसरी बाजूही सांगायला हवी. 'हाऊस' या मालिकेतला तो लंगडा, खडूस डॉक्टर आणि त्याचे सहकारी रक्त स्वतः काढतात, एमआरआय स्वतः करतात, पेशंटच्या घरी कुलूप तोडून शिरतात. आमच्याकडे असं केलं तर लॅबवाले संपावर जातील. पण २०१२ साली जर्मनीतल्या मारबुर्गमध्ये ५५ वर्षांचा एक माणूस प्रोफेसर युर्गन शेफर यांच्याकडे आला. हृदय कमजोर, ताप, दिसणं आणि ऐकणं कमी झालेलं. कारण सापडत नव्हतं. शेफर विद्यार्थ्यांना शिकवताना 'हाऊस' वापरत. कृत्रिम खुब्यातून झिजलेल्या कोबाल्टची विषबाधा झालेल्या पेशंटचा भाग त्यांच्या डोक्यात होता. या माणसाचाही खुबा बदललेला होता. रक्तात कोबाल्ट भरपूर निघालं, खुबा पुन्हा बदलला आणि माणूस सुधारला. २०१४ मध्ये लॅन्सेटने ही केस छापली. माझ्या सर्जन मित्रांना मी हे मुद्दाम ऐकवते.

आणि २०२५ मध्ये आलेली 'द पिट' पाहून तर मी भाच्याचा लॅपटॉप परतच करत नव्हते. पिट्सबर्गच्या इमर्जन्सी विभागातली एकच ड्युटी, एक तास म्हणजे एक भाग. लेखकांमध्ये जो सॅक्स आहेत, जे स्वतः इमर्जन्सीचे डॉक्टर आणि 'ईआर'मध्येही होते. तिथे बाहेर तासन् तास ताटकळलेली माणसं आहेत, खाट रिकामी होत नाही म्हणून अडकलेले पेशंट आहेत, आणि मुख्य म्हणजे आजारी वडिलांना नळी घालायची की नाही यावर बहीण-भाऊ बराच वेळ अडून बसतात. म्हणजे खरं दाखवूनही लोक पाहतात. मराठीत हे कुणी लिहायचं म्हटलं तर एक रात्र कुठल्याही जिल्हा रुग्णालयाच्या अपघात विभागाच्या बाकड्यावर काढावी. सल्लागार डॉक्टरची फीही वाचेल.

तोवर मालिका पाहायच्या त्या पाहाव्यात. फक्त तुमचं माणूस आयसीयूत असेल तेव्हा शॉकबद्दल विचारू नका, हे विचारा: मेंदूला किती वेळ रक्त मिळालं नव्हतं? नळी कशासाठी घातली आहे आणि ती काढायचा प्रयत्न कधी करणार? घरी नेल्यावर आम्हाला काय काय करावं लागेल? या प्रश्नांची उत्तरं द्यायला डॉक्टर बांधील आहे, आणि टाळत असेल तर पुन्हा विचारा.

आणि समोर कोणी कोसळलं, हाक मारून हलत नसेल, नीट श्वास घेत नसेल, तर १०८ ला फोन लावायला सांगून लगेच छाती दाबायला घ्या. छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर तळहात, त्यावर दुसरा, कोपरं ताठ, सेकंदाला दोन वेळा, दोन इंचांहून थोडं खोल, ॲम्ब्युलन्स येईपर्यंत न थांबता. तोंडाने श्वास देता येत नसेल तर देऊ नका, दाबणं सोडू नका. आमच्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने सामान्य लोकांसाठी हीच सोपी पद्धत ठरवलेली आहे आणि ती शिकायला तास-दीड तास पुरतो. तुमच्या शाळेने, गणेश मंडळाने, सोसायटीने जवळच्या भूलतज्ज्ञाला बोलवावं. सरावाचा पुतळा आम्ही घेऊन येतो.